पंधरा सप्टेंबरचे बटाटे

१८ ऑगस्ट, शनिवार

पाच जण आले. पाच! अकरा राहू देत, फुटबॉलची मॅच सुरू करायला निदान सात माणसं लागतात. रेफरीने पंधरा मिनिटं वाट पाहिली, दोनदा घड्याळ बघितलं आणि मला म्हणाला, "बाई, आता तुम्हीच सांगा मी काय करू." काय सांगणार कपाळ? दोघं लग्नाला गेलेले. एकाचं गवत कापायचं राहिलेलं. एकाचा फोन बंद. उरलेल्यांना मी विचारायचंच सोडलं.

समोरचा संघ आमच्याच मैदानावर आपसात खेळून, हसत-खिदळत घरी गेला. जर्सींची पिशवी मी जशी नेली तशी परत आणली — धुतलेली, घड्या घातलेली.

हे दुसऱ्यांदा झालं. पहिल्यांदा जूनमध्ये, शेकोट्यांच्या सणाला, अख्खं गाव पिऊन पडलं होतं तेव्हा. आता तिसऱ्यांदा झालं की संपलं. लीगमधून नाव कायमचं खोडणार.

२० ऑगस्ट

लीगच्या कार्यालयाचं पत्र. तीन ओळी. "आणखी एकदा संघ मैदानात न उतरल्यास —" वगैरे. खाली सही कुणा पोरीची. तिला काय माहीत!

तोइवोला दाखवलं. तो कॅप्टन. वय चव्वेचाळीस, लाकडाचा ट्रक चालवतो, धावताना त्याचा श्वास गेटपाशी ऐकू येतो. म्हणाला, "वहिनी, काळजी करू नका. आता कुणाला हलू देत नाही." जूनमध्येही हेच म्हणाला होता!

२१ ऑगस्ट

दुष्काळात तेरावा महिना. तालुक्याच्या कचेरीतली क्रिस्ती लायब्ररीत आली. देशाला शंभर वर्षं झाली म्हणून तालुक्याचं पुस्तक काढतायत. "लाइनेबाई, क्लबचा इतिहास तुम्हीच लिहायचा. दोन पानं. आणि एक फोटो — मॅच जिंकल्याचा असला तर बरं."

मी म्हटलं, "फोटोला वेळ लागेल."

तिला विनोद कळला नाही. पुस्तक छापून होईपर्यंत क्लब असेल की नाही, हेही कळलं नाही.

२३ ऑगस्ट

क्लबच्या कागदांचा पत्र्याचा डबा उघडला. माझा आर्वो गेल्यानंतर सात वर्षांत पहिल्यांदा. त्याचं अक्षर वरच होतं, म्हणून परत बंद केला. मग चहा घेतला आणि पुन्हा उघडला.

पालुवेरे कोइत, म्हणजे पालुवेरे गावची पहाट, स्थापना १९३४. लाकूडगिरणीतले नऊ आणि डेअरीतले चार. जर्सी पिठाच्या पोत्यांच्या, कांद्याच्या सालींत रंगवलेल्या. पहिल्याच मॅचला पाऊस आला आणि सगळ्यांची पाठ पिवळी झाली, असं चक्क मिनिटबुकात लिहिलंय. १९४० च्या जुलैत वही मध्येच थांबते. वाक्यसुद्धा पुरं नाही. मग परकं राज्य आलं; पन्नास वर्षं दुसऱ्याच नावाने खेळले, सामूहिक शेताचा संघ म्हणून. १९९० ला आर्वोने जुनं नाव परत आणलं. लग्नाला दोन वर्षं झाली होती आमच्या. घरात पाळणा हवा म्हणत होते मी, हा गोलचे खांब घेऊन आला.

रान्नो पुढच्या वर्षी झाला. चालायला त्या खांबांना धरूनच शिकला.

२५ ऑगस्ट, शनिवार

०–९. पण अकरा उतरले! रान्नो गोलमध्ये होता. नऊ आत गेले, पण वीसेक अडवले त्याने. मला ऑफसाइड अजून कळत नाही, कळून घ्यायचंही नाही. मी फक्त त्याची पाठ बघते. नव्वद मिनिटं माझा पोरगा कुठे आहे ते मला माहीत असतं.

हे इथेच लिहिते, कारण दुसरीकडे कुठे बोलायची सोय नाही. मला कोइत हवा आहे तो इतिहासासाठी नाही, आर्वोसाठीही नाही. रान्नो फिनलंडहून एक आड एक शनिवारी येतो तो मॅचसाठी. लाहतीहून बस, मग बोट, मग पुन्हा बस. कोण येतं एवढं आईच्या हातचं सूप प्यायला? शेजारच्या एल्फ्रीदेचा मुलगा नाताळला येतो. मागच्या नाताळला तोही नाही आला. क्लब गेला की माझंही तेच.

संध्याकाळी सौना तापवला. वाफेची अंघोळ करून रान्नो बाहेर पायरीवर बसला, तेव्हा तीन वाक्यं बोलला. "बिअर गार आहे." "तोइवो दमतो आता." आणि, "आठ तारखेला जमणार नाही, बांधकामावर काँक्रीट ओतायचंय — पंधराला मॅच आहे का?"

मी म्हटलं, "पंधराला नाही, आठलाच आहे."

"बरं. बघतो मग."

बघतो! मुलाचं "बघतो" म्हणजे काय ते आईला सांगावं लागत नाही. म्हणजे महिनाभर तोंड दिसणार नाही.

२८ ऑगस्ट

एक गोष्ट केली आज. वानामोइसाच्या मेलिसला फोन केला — त्यांच्या संघाचं सगळं तोच बघतो. म्हटलं, आठची मॅच पंधराला घेऊ या का. "का हो ताई?" "माणसं कमी पडतायत." धडधडीत खोटं. आठ तारखेला रान्नो सोडून बाकी सगळे रिकामे आहेत. मेलिस भला माणूस, लगेच हो म्हणाला. लीगलाही कळवून टाकलं.

रान्नोला मेसेज केला: "मॅच आता १५ ला आहे." तासाभराने उत्तर आलं: "बरं. येतो."

येतो! स्वयंपाकघरात एकटीच हसत बसले वेड्यासारखी.

३ सप्टेंबर

मेले! मेले मी!

सकाळी तोइवो दारात. टोपी हातात. "वहिनी, पंधरा तारीख कुणी ठरवली?"

"मी."

"अहो, पंधराला सालमेकाकूंचे बटाटे आहेत."

सालमे त्याची सासू. तिच्या शेतावर तीन घरं एकत्र जमून बटाटे काढतात आणि त्या तीन घरांत आमचे आठ खेळाडू आहेत. आठ! या गावात एकोणसाठ वर्षं काढली मी. माणसं लग्न पुढे ढकलतात, बारसं ढकलतात, बटाटे कुणी ढकलत नाही. जो बटाट्यांना गेला नाही तो हिवाळ्यात बटाट्यांच्या तळघराची किल्ली मागायला जात नाही. हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. आणि मी तारीख ठरवताना फक्त बोटीचं वेळापत्रक बघत होते.

"पण आठला काय वाईट होतं?" तोइवोने विचारलं.

काय सांगू त्याला? आत वळून चहा ठेवला.

४ सप्टेंबर

सालमेकडे गेले. अठ्ठ्याहत्तर वर्षांची, पाठीत वाकलेली, जीभ मात्र ताठ. कोबी चिरत होती.

"काकू, एक शनिवार पुढे न्या ना बटाटे."

"का गं?"

"मॅच आहे."

"फेब्रुवारीत फुटबॉल उकडून खाता येतो का?"

"तसं नव्हे काकू. क्लब बंद पडेल."

"तारीख कुणी बदलली?"

"मी."

"मग तूच निस्तर की!" आणि कोबीवर असा सुरा मारला की अर्धा गड्डा खाली. उचलून मीच दिला.

५ सप्टेंबर

मेलिसला फोन. परत आठ करता येईल का? नाही. आठला त्यांनी दुसऱ्या गावाशी दोस्तीची मॅच ठरवली. "ताई, तुम्हीच म्हणालात ना!" हो रे बाबा, मीच म्हणाले. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा आणि मग धोंड्याला नावं ठेवायची.

८ सप्टेंबर, शनिवार

ऊन पडलं होतं. सगळे घरी. सगळे! एक जण कुंपण रंगवत होता, दोघं दुकानासमोर नुसते उभे. मोजले मी जाता-येता — नऊ. या नऊ जणांनी आज मॅच खेळली असती, हरली असती, क्लब वाचला असता.

घरी येऊन मिनिटबुकं काढली. इतिहास तरी लिहावा म्हटलं. १९३५, सप्टेंबरचा तिसरा शनिवार: "मॅच नाही. बटाटे." १९३७: "मॅच नाही. बटाटे." १९५८, सामूहिक शेताच्या दिवसांतलं: वरून हुकूम आला होता मॅच घ्यायचा, अध्यक्षाने खाली लिहिलंय, "चेंडू सापडला नाही." १९९४, आर्वोच्या अक्षरात: "बटाटे. सालमेकडे सूप उत्तम."

चौऱ्याऐंशी वर्षं! युद्ध झालं, राज्यं बदलली, माणसं सैबेरियाला नेली, काही परत आली. त्यातल्या एकानेही ही चूक केली नाही. ती करायला मलाच जन्माला यायचं होतं.

रडले. बराच वेळ. कुणी नाही बघायला, म्हणून तोंड धुवायचीही घाई केली नाही.

९ सप्टेंबर

बटाट्यांना न जाणारे कोण कोण? रान्नो. गुरांचा डॉक्टर. शाळेचा गणिताचा मास्तर, त्याला चष्म्याशिवाय चेंडू दिसत नाही. तीन झाले, लागतात सात. चौथा कुठून आणू? शेवटी चर्चच्या पाद्र्याला विचारलं. म्हणाला, "गुडघा गेलाय माझा, पण प्रार्थना करीन." म्हटलं, प्रार्थनेला जर्सी घालता येत नाही.

११ सप्टेंबर

रात्रभर एकच विचार. सकाळी उठून पुन्हा सालमेकडे.

"काकू, शुक्रवारपर्यंत बटाटे निघाले तर शनिवारी माणसं सोडाल?"

"निघाले तर सोडीन. काढणार कोण?"

"मी."

आधी हसली. हसता हसता खोकला लागला, पाणी द्यावं लागलं. शेवटी म्हणाली, "टोपली दाराशी आहे. खणायचा मोठा काटा गोठ्यात."

१२ सप्टेंबर

एक्केचाळीस सऱ्या आहेत. दिवसभरात तीन काढल्या. कंबर माझी राहिली नाही. सालमे खिडकीतून बघत होती, दुपारी काळा पाव आणि ताक बाहेर आणून ठेवलं.

तीन. म्हणजे शुक्रवारपर्यंत नऊ. हे थोडंच होणार आहे!

१३ सप्टेंबर

लायब्ररीला कुलूप लावून सकाळीच गेले. दारावर चिठ्ठी: "बटाटे." कुणी काही विचारणार नाही.

चार वाजता मागून ट्रॅक्टर. तोइवो. ट्रकची फेरी सोडून आला होता. "वहिनी, बाजूला व्हा, पाय जाईल तुमचा." त्याने सऱ्या उलथायला सुरुवात केली, मी मागून वेचत. अर्ध्या तासाने त्याची बायको आली, मग डॉक्टर आला रबरी बूट घालून, मग मास्तर. मास्तर बटाट्यांबरोबर दगडही टोपलीत टाकत होता! सालमे ओरडली, "अरे, हा सूप करणार की रस्ता?" इतकी हसले मी की टोपली सांडली.

अठरा झाल्या. तेवीस राहिल्या.

तोइवो निघताना म्हणाला, "आठला रान्नो नव्हता, म्हणून ना?"

मान खाली घातली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अख्खा क्लब पणाला लावला मी, तोइवो. माझ्या एकटीसाठी."

त्याने टोपी डोक्यावर चढवली. "माझी पोरगी बाहेर गेली ना, तर मी दर आठवड्याला मॅच लावीन." आणि ट्रॅक्टर चालू केला. पुढे काही बोलला असेल तर आवाजात ऐकू आलं नाही.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

रान्नो बसमधून उतरला तो सरळ शेतावर आला. बॅग बांधावर टाकली. "आई, तू काय करतेयस हे?" "दिसत नाही का? इतिहास लिहितेय!" त्याने माझ्या हातातला काटा घेतला.

अंधार पडेपर्यंत दहा माणसं. चौतीस सऱ्या झाल्या. सात उरल्या. सात! एवढं करून सात! सालमे म्हणाली, "चौतीस म्हणजे एक्केचाळीस नव्हे." बरोबर आहे तिचं. शब्द म्हणजे शब्द.

जेवताना रान्नोला नुसतं वाढत राहिले. ही त्याची शेवटची खेप. यानंतर हा कशाला येईल?

१५ सप्टेंबर, शनिवार

आधी लिहिते, मग झोपते.

सकाळी सातपासून सगळे परत शेतावर. पहाटेपासून दव इतकं की ट्रॅक्टर घसरत होता. मॅच दोनला. साडेबाराला अजून चार सऱ्या. सालमे काठी टेकत आली, माझ्यासमोर उभी राहिली. "सात लागतात म्हणालीस?"

"हो."

"तुझे तीन. माझे चार ने. बाकीचे चार इथेच राहतील. झालं की पाठवते."

तिचा हात धरला मी. "पुरे, पुरे," म्हणाली आणि काढून घेतला.

दोनला सात माणसं मैदानावर. सात विरुद्ध अकरा! रेफरीने नावांचा कागद बघितला. "अकरा लिहिलीत, चार कुठे आहेत?" मी म्हटलं, "वाटेवर आहेत." देवा, माफ कर.

हाफ टाइमला ०–८. मास्तरचा चष्मा दोनदा पडला. साठाव्या मिनिटाला तोइवो पोटरी धरून खाली बसला. तो बाहेर गेला असता तर सहा, आणि सहा म्हणजे मॅच बंद, म्हणजे सगळं गेलं. मी गेटपाशी ओरडले, "तोइवो, ऊठ!" आयुष्यात मैदानाकडे बघून पहिल्यांदा ओरडले. तो उठला. चालत खेळला, पण उठला.

आणि मग रस्त्यावर ट्रॅक्टर! ट्रॉलीत चौघं, गुडघ्यापर्यंत चिखल, मधोमध सालमे पोत्यावर बसलेली राणीसारखी. चौघांनी ट्रॉलीतच जर्सी चढवल्या. रेफरी म्हणाला, "बूट तरी पुसा!" वानामोइसाची पोरं पोट धरून हसत होती, मेलिससुद्धा. अकरा झाले. मग एक गोलही केला आम्ही, कुणी ते मला दिसलं नाही, डोळे भरले होते.

१–१३. रेफरीने सही केली. कोइत राहिला. पुढच्या वर्षीही राहील. दर दुसऱ्या शनिवारी सौना तापेल.

सालमेकडे सूप. उत्तम.

१६ सप्टेंबर, रविवार

बस यायला दहा मिनिटं होती. रान्नो थांब्यावर उभा राहून म्हणाला, "आई, रागावू नकोस. आठला काँक्रीट-बिंक्रीट काही नव्हतं. खोटं बोललो. पंधराला मॅच नाही म्हणालीस म्हणून पंधराला यायचं ठरवलं होतं. एकदा तरी नुसतं घरी यायचं होतं गं. मला फुटबॉल कधीच आवडला नाही. बाबा होते तोवर बाबांसाठी, आणि मग — तू त्या गेटपाशी इतकी मन लावून बघतेस!"

त्याची बॅग सरकवून मी तिथल्या बाकावर बसले. केवढ्या वर्षांचं गणित चुकलं माझं! मग म्हटलं, "मला तरी कुठे आवडतो रे."

बस आली. ड्रायव्हरने दोनदा हॉर्न वाजवला, तरी आमचं हसू थांबेना.